मुंबई ते दुबई : अंतर किती, वेळ किती?



ऊसनोंदीच्या निमित्ताने गट ऑफिसात चार माणसे जमली की बोलणे हल्ली लागण, खोडवा आणि पहिली उचल एवढ्यावर थांबत नाही. "तुमचा धाकला कुठं असतो आता?" असा प्रश्न निघतो. उत्तरे पुणे, चाकण, सुरत अशी येत असतात आणि मधेच एखादे येते, "दुबईले." मग पुढचा प्रश्न ठरलेला : "किती लांब हाय हो थे?" सांगणारा ठसक्यात सांगतो, "लांब कायचं! तीन घंटे. नागपूरपरीस जवळ."

ऐकणाऱ्याला हे पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. कोणी तिकीट दाखवले तर घोटाळा आणखी वाढतो. रात्री दहाला मुंबई सोडलेले विमान अकरा चाळीसला दुबईत उतरते असे त्यावर छापलेले असते, म्हणजे दोन तासही नाहीत! मग खरे काय धरायचे? पोराला घालवायला निघताना, त्याला आणायला जाताना आणि कधी अडचणीच्या वेळी तो किती वेळात येऊन पोहोचेल याचा अंदाज बांधताना हा हिशेब चुकला तर पैशाचा फटका बसतो, कधी पैशापेक्षा मोठाही. म्हणून यावेळी ऊस थोडा बाजूला ठेवून हा हिशेब मांडतो.

दोरा लावून मोजा

मुंबईच्या सहार विमानतळापासून दुबईच्या विमानतळापर्यंत सरळ अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. आकडा नुसता ऐकून डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून आपल्या ओळखीची तुलना घेऊ. मलकापूर, नांदुरा, शेगाव या आपल्या स्टेशनांवरून जी मुंबई–हावडा लाईन जाते, तिची मुंबईपासून हावड्यापर्यंतची लांबी नागपूरमार्गे १,९६८ किलोमीटर आहे. म्हणजे दुबई मुंबईपासून जवळपास तेवढीच लांब, जेवढा रुळांवरून हावडा. गीतांजलीसारखी वेगवान गाडीही त्या अंतराला तीस तासांच्या आसपास घेते. तेवढेच अंतर विमान तीन तासांत कापते.

सरळ अंतर म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते मोजायचे नसते, कारण पृथ्वी चेंडूसारखी आणि नकाशा चपटा. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्यावा, मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरावे, दुसरे दुबईवर, आणि दोरा ताणावा. तो जिथून जाईल तो सर्वांत जवळचा रस्ता. मुंबई–दुबई एवढ्या अंतरात नकाशा आणि गोल यांत फारसा फरक पडत नाही. पण मुंबईहून न्यूयॉर्कला दोरा लावून पहा, तो थेट उत्तरेकडे चढून थंडीच्या मुलखातून जातो. पोरांना हा खेळ जरूर दाखवा, भूगोलाच्या दहा पानांचे काम त्यात होते.

आपल्या बुलढाण्यावरून दोरा लावला तर दुबई भरते सुमारे २,२०० किलोमीटर. विमानाचा प्रत्यक्ष रस्ता दोऱ्यापेक्षा थोडा लांब असतो, कारण आकाशातही ठरवून दिलेल्या वाटा असतात आणि उतरताना नंबर लागेपर्यंत घिरट्या घालाव्या लागतात. मुंबईहून निघालेले विमान बहुतेक अरबी समुद्रावरून जाऊन ओमानच्या बाजूने उतरते. दिल्लीची वाट मात्र नेहमी पाकिस्तानवरून असे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून आखाताकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घालावा लागला. मुंबईच्या प्रवाशाला त्याची फारशी झळ लागली नाही.

वेळेचे तीन हिशेब

विमानाची "वेळ" म्हणून जो आकडा आपल्याला सांगतात त्यात हवेतला वेळ तेवढा नसतो. विमान विमानतळाच्या दारातून मागे सरकते तिथून ते दुबईत दाराला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. आपल्या ट्रॅक्टरचेच पहा. फडातून भरून निघालेली ट्रॉली रस्त्यावर असते एक तास, पण गाडीतळावर नंबर, मग वजनकाटा, मग गव्हाणीपुढची रांग, हे सगळे धरून खेप किती तासांची झाली ते ड्रायव्हरला विचारा! विमानाचेही तसेच. मुंबईच्या धावपट्टीपुढे रांग असते आणि दुबईला उतरल्यावर दारापर्यंत बराच वेळ जमिनीवरच चालावे लागते. हवेतला वेळ अडीच तासांच्या आत-बाहेर, आणि दारापासून दारापर्यंत तीन ते सव्वातीन तास.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी, हा अनुभव येऊन-जाऊन असणाऱ्यांनी सांगितलेलाच आहे. तीस-पस्तीस हजार फुटांवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. समजा विमानाची चाल तासाला ८५० किलोमीटर आहे आणि वारा ७० चा. जाताना वारा समोरून, म्हणजे जमिनीवरून मोजलेली चाल उरली ७८०. येताना तोच वारा पाठीशी, म्हणजे चाल झाली ९२०. १,९३० किलोमीटरला जाताना सुमारे दोन तास अठ्ठावीस मिनिटे लागतील, येताना दोन तास सहा. बावीस मिनिटांचा फरक नुसत्या वाऱ्याने पडला. पावसाळ्यात वरच्या वाऱ्याची तऱ्हा बदलते आणि हा फरक कमी होतो.

तिसरा हिशेब घड्याळाचा, आणि खरा घोळ इथेच होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाने छापतात आणि पोहोचण्याची दुबईच्या. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणून रात्री दहाला निघून अकरा चाळीसला पोहोचणारे विमान एक तास चाळीस मिनिटांत जात नाही, त्यात दीड तास मिळवा, तीन तास दहा मिनिटे होतात. येताना उलटे. तिथून पहाटे चारला निघाले आणि मुंबईत आठ वीसला उतरले, तर चार तास वीस मिनिटांतून दीड तास वजा करा, दोन तास पन्नास मिनिटे झाली.

हा दीड तासच का, याचे उत्तर मजेशीर आहे. सूर्याच्या हिशेबाने मुंबई आणि दुबई यांत सत्तर मिनिटांचाच फरक आहे. पण घड्याळ सूर्यावर चालत नाही, सरकारने ठरवलेल्या रेषेवर चालते. आपली रेषा साडेब्याऐंशी अंशांची, तिकडे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणारी. दुबईची साठ अंशांची. मधे साडेबावीस अंश, अंशाला चार मिनिटे, म्हणजे बरोबर नव्वद मिनिटे. मुंबईने तर स्वतःचा वेगळा "मुंबई टाइम" १९५५ पर्यंत टिकवून धरला होता, देशाच्या घड्याळाच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. मुंबईकरांचा हट्ट दांडगा!

घड्याळापेक्षा वाईट फसवणूक तारीख करते. आमच्या भावकीतल्या एका पोराचे विमान पंधरा तारखेला ००.५० ला होते. घरात सर्वांनी वाचले, पंधरा तारीख, रात्री एक वाजता. म्हणून मंडळी पंधराच्या सकाळी वाजतगाजत निघाली, चार जीपगाड्या, नारळ, हार. ००.५० म्हणजे चौदा तारखेची रात्र उलटून लागलेला पहिला तास, हे विमानतळाच्या दारातल्या शिपायाने तिकीट पाहून सांगितले तेव्हा विमान जाऊन जवळपास एक दिवस झाला होता. जुन्या तिकिटाचे जवळजवळ काही परत मिळाले नाही. नव्या तिकिटात त्याच्या बापाच्या ऊसबिलाचा एक हप्ता गेला. म्हणून तिकीट हातात आले की मध्यरात्र ते पहाट यांतले विमान असेल तर शेजारी पेनने लिहून ठेवा, "आदल्या दिवशी संध्याकाळी विमानतळावर." आणि कोणता विमानतळ तेही वाचा. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आहे, तेव्हा "मुंबई" एवढ्या शब्दावर गाडी हाणू नका.

बैलगाडीवरचे पेट्रोल

हे तीन तास काही आभाळातून पडले नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एकटे एका छोट्या विमानात बसून मुंबईला निघाले. पस मॉथ असे त्या विमानाचे नाव, एका इंजिनाचे, आणि त्यात होता २५ किलो टपालाचा बोजा. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी त्यांनी कराची सोडली. वाटेत अहमदाबादला उतरून तेल भरले. ते तेल विमानापर्यंत डब्यांतून बैलगाडीने आणले होते. आपल्या माणसांना ही गोष्ट फार आवडते आणि का आवडू नये? दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. सव्वासात तास. पुढे तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पन्नास वर्षांनी, १९८२ च्या त्याच तारखेला, वयाच्या ७८ व्या वर्षी टाटांनी तसल्याच जुन्या विमानातून पुन्हा कराची–मुंबई उड्डाण केले.

कराची आणि मुंबई यांतले सरळ अंतर नऊशे किलोमीटरच्या आतच आहे. आजच्या विमानाला दीड तास पुरे. पण आज त्या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. कोणाला जायचेच झाले तर दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणी जाऊन मागे यावे लागते : मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–कराची सुमारे १,१९०, मिळून तीन हजारांच्या वर. १९३२ साली बैलगाडीच्या तेलावर जे सव्वासात तासांत जमले ते आज एवढ्या वेळात जमेल याची खात्री नाही. अंतर किलोमीटरने ठरते असे समजणाऱ्याने हा एक दाखला ध्यानात ठेवावा.

दुबईची गोष्ट उलटी झाली. आपल्या आज्या-पणज्याच्या काळी ती बोटीची वाट होती. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून निघून कराची, मस्कत करीत आखातात बसऱ्यापर्यंत जात आणि बंदरोबंदरी थांबत. दिवसच्या दिवस त्यात जात. ८ एप्रिल १९६१ रोजी याच मार्गावरची 'दारा' नावाची बोट दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि २३८ माणसे गेली. त्यांत आपल्या देशातलेही पुष्कळ होते. 'द्वारका' ही त्यातली शेवटची बोट १९८२ पर्यंत चालली. पण त्या काळातली एक गोष्ट आजच्यापेक्षा जवळची होती : दुबईच्या बाजारात १९६६ पर्यंत रुपया चाले, आणि १९५९ पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. पुढे तेलाचा पैसा आला, माणसांची गरज वाढली, विमाने वाढली. दुबईच्या एमिरेट्स कंपनीने ऑक्टोबर १९८५ मध्ये भाड्याच्या विमानांवर धंदा सुरू केला तेव्हा तिची पहिली ठिकाणे होती कराची आणि मुंबई.

आपल्या दारापासून

आता मूळ प्रश्नावर येतो. मुंबई–दुबई तीन तास, हे मुंबईकराला ठीक. आपण मुंबईत राहत नाही.

मेहकर तालुक्यातल्या एखाद्या गावाचा हिशेब करू. गावातून समृद्धीच्या चढणीपर्यंत तास-अर्धा तास. तिथून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला शेवटपर्यंत खुला झाल्यापासून इगतपुरीच्या पुढचा घाट टळला, हे खरेच मोठे काम झाले. पण रस्ता संपतो ठाणे जिल्ह्यात आमण्याला, सहारला नाही. आमण्याच्या पुढे भिवंडी, ठाणे, आणि तिथली गर्दी तुमचे विमान पाहून हटत नाही. एकूण सात-आठ तास धरा. डोंगराच्या खालच्या, मलकापूर–शेगाव पट्ट्यातल्या मंडळींना रात्रीची रेल्वे अधिक बरी. आठ-नऊ तास, आणि सकाळी मुंबई. गाडीला उशीर होतो हे मी सांगायला नको, तेव्हा विमान संध्याकाळचे असेल तरच रेल्वेचा भरवसा धरावा.

त्यात विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचे. सामान घेण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि मग कोणाची ओळख चालत नाही. वाटेतल्या पंक्चरसाठी, जेवणासाठी आणि गर्दीसाठी आणखी तीन तास हाताशी ठेवा. पुढे विमानाचे तीन. दुबईत उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान आणि कंपनीची गाडी यांना दोन तास. बेरीज करा. गावच्या पारापासून तिथल्या खोलीपर्यंत अठरा ते वीस तास होतात आणि त्यांत विमान फक्त तीन तासांचे. राहिलेले पंधरा-सोळा तास जमिनीवरचे, त्यातलेही बहुतेक आपल्या बाजूचे. खोळंबा होतो तो तिथेच.

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला विमानाने जाऊन पुढचे विमान धरावे असे काहींना वाटते. तासाभराचे उड्डाण आहे आणि चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या बाजूला ते सोयीचेही पडते. मात्र दोन्ही तिकिटे एकत्र काढलेली असली तरच. वेगवेगळी काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरे विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि त्याचे पैसेही सहसा मिळत नाहीत.

आता एक अवघड गोष्ट लिहितो. म्हातारे माणूस जाते आणि पोरगा दुबईला असतो. अंगणात माणसे जमतात, कोणीतरी फोन करते आणि निरोप येतो, "येऊन राह्यला." जमलेली माणसे तीन घंटे ऐकून असतात. सकाळी गेलेल्या माणसासाठी दुपारपर्यंत थांबू, संध्याकाळपर्यंत थांबू असे चालते. बायाबापड्या उपाशी, पाहुणे दुरून आलेले, उन्हाचे दिवस, आणि पोराकडे मात्र अजून कंपनीची रजा मंजूर व्हायची असते. तिकीट त्याच दिवशीचे मिळाले तरी विमानतळावरचे तीन तास, उड्डाणाचे तीन, मुंबईत उतरून बाहेर येण्याचा दीड तास आणि मुंबईहून गावापर्यंतचे आठ. सगळे जुळून आले तरी फोन गेल्यापासून सोळा-सतरा तासांच्या आत तो दारात येत नाही. नाही जुळले तर दीड दिवस. ही बेरीज घरातल्या कोणा कर्त्या माणसाला पाठ असावी. म्हणजे पोरासाठी थांबायचे असेल तर शीतपेटीची सोय पहिल्याच तासात करता येते, आणि थांबायचे नसेल तर पोराला तसे स्पष्ट सांगता येते. तो निम्म्या वाटेत असताना अग्नी दिला, आणि त्याला ते मुंबईला उतरल्यावर फोन सुरू केला तेव्हा कळले, असे आपल्या भागात घडले आहे. त्यात कोणाचा दोष नव्हता. सर्वांनी तीन तास धरले होते एवढेच.

परत येणाऱ्याला आणायला जाणाऱ्यांनीही उतरण्याची वेळ म्हणजे बाहेर येण्याची वेळ समजू नये. पासपोर्ट, सामान, जकात यांत तास-दीड तास जातो. गाडी आधीच आत नेली तर तासाच्या भावाने पार्किंगचे पैसे भरत बसाल. पोराचा फोन आल्यावर आत घेतलेली बरी. विमान सकाळचे असेल तर दुपारपर्यंत समृद्धीला लागता येते आणि दिवेलागणीला घर गाठता येते. रात्रीचे असेल तर ड्रायव्हरला आधी चार तास झोपू द्या. सरळसोट रस्त्यावर डोळा लागतो आणि समृद्धीवर असे अपघात झालेले आहेत.

फोनचे तेवढे सांगायचे राहिले. तिकडे रात्री नऊला पाळी सुटून पोरगा खोलीवर येतो, तेव्हा आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतात आणि आई जागत बसलेली असते. सुट्टीचा दिवसही बदलला आहे. पूर्वी तिकडे शुक्रवारची सुट्टी असे. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस असे झाले. कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, तेव्हा पोराला सुट्टीचा वार विचारून घ्या आणि त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या पुढे फोन लावा. तिकडे तेव्हा आठ वाजलेले असतात.